उसाचा शेवटचा पट्टा

उखाआप्पांनी बंदुकीची नळी पायजम्याच्या डाव्या पायात सोडली, नाडी आवळली आणि खाटेपासून मोरीपर्यंत चालून पाहिलं. पाय लाकडाचा असल्यासारखा पुढे पडत होता. बंदुकीचा दस्ता त्यांनी आधीच स्क्रू काढून वेगळा केला होता आणि पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली निजवला होता.

"आप्पा, पायाला काय झालं?" सून निशानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"गुडघा धरला."

"काल तर जिना उड्या मारत चढत होतात."

"म्हणूनच धरला."

खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या रंभाबाई हसल्या. हसल्या म्हणजे खांदा जरासा हलला, एवढंच. टायफॉइडनं त्यांचं पार चिपाड करून टाकलं होतं. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेज, वरण, मोसंबी, सगळं जसंच्या तसं परत जात होतं. सोमवारपर्यंत खाणं सुरू झालं नाही तर पुन्हा दाखल करा, बाटल्या लावू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आज रविवार होता. काल संध्याकाळी खिचडीची थाळी मागे सारताना रंभाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "सशाना रस्सा व्हई ते जातीन दोन घास."

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीत एवढं बोलणं म्हणजे उखाआप्पांच्या अब्रूला हात घालण्यासारखं होतं. कारण छर्ऱ्याची बंदूक आणि उखाआप्पा यांच्याबद्दल गल्लीत जे सांगितलं जाई, ते बहुतेक सगळं आप्पांनीच सांगितलेलं होतं. एका छर्ऱ्यात दोन तितर पाडून तोच छर्रा धुऊन त्यांनी तिसऱ्याला वापरला होता. एकदा वारा असा काही सुटला होता, की नेम बारडोलीत धरला आणि तितर कडोदऱ्यात पडला; तो आणायला एस.टी.चं तिकीट काढावं लागलं. एक म्हातारा ससा तर त्यांना पाहून स्वतःच पिशवीत येऊन बसला होता. यातलं खरं किती ते पातेल्याला ठाऊक. पण ऊसतोडणीच्या दिवसांत एखादा ससा खरोखर यायचा, रंभाबाई काळा मसाला वाटायच्या, आणि वास जिन्यानं खाली उतरून शेजाऱ्यांना बोलावून आणायचा.

मग शेतांच्या कडेला वनखात्याच्या पाट्या आल्या. शहरात हत्यार घेऊन फिरू नये असा पोलिसांचा जाहीरनामा निघू लागला. बंदूक कपाटावर गेली आणि आप्पांच्या गोष्टीतले ससे तेवढे दरवर्षी मोठे होत राहिले.

सकाळी पुतण्या दत्तूचा फोन आला होता. दत्तू बारडोलीकडे ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. "काका, कालव्याकडचं शेत आज संपतं. दुपारपर्यंत शेवटचा पट्टा ऱ्हाईल," तो सहज बोलून गेला. आप्पांना तेवढं पुरे होतं. तोडणीवाले चारी बाजूंनी कापत आत सरकतात. उसात राहणारं जे काही असेल, ससे, तितर, मुंगूस, रानमांजर, ते मागे हटत हटत मधल्या उभ्या पट्ट्यात गोळा होतं. तिन्हीसांजेला तिथं गेलं की नेम न येणाऱ्यालाही ससा मिळतो. ही शेवटची गोष्ट आप्पांनी गल्लीत कधी सांगितली नव्हती.

"कथा चालनात?" कुठं निघालात ते रंभाबाईंनी भिंतीलाच विचारलं.

"दत्तूकडे जाई येस."

खाली योगिता स्कूटर काढत होती. अंगात खाकी, चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली. योगिता म्हणजे दगाची मुलगी. दगा आणि उखाआप्पा बमरोलीच्या एकाच लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांपाशी, जन्मभर शेजारी उभे राहिले. लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे; त्यावर दगा गप्प झाला आणि आप्पा मोठ्यानं बोलू लागले. ते बोलणं ओट्यावर बसून ऐकत ही पोरगी वाढली आणि फॉरेस्टात बीट गार्ड म्हणून लागली. पोरीला आप्पांनीच जंगलात घातलं, असं दगाची बायको अजून म्हणते.

"कुठं आप्पा, एवढं नटून?"

"बारडोली. दत्तूला मेथी द्यायची."

"बारडोलीला मेथी मिळत नाही?"

"ही डिंडोलीची आहे."

"चालो, बेसी जाव. मी पण तिकडंच. रजा होती, पण साहेबांचा फोन आला."

नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर वनखात्याच्या पाठीमागे बसून शिकारीला जायचं. आप्पा एका बाजूला बसले. डावा पाय वाकेना, तो त्यांनी तसाच ताठ बाहेर काढला. हायवेवर ट्रकवाले त्या पायाला हॉर्न देत, त्याला वळसा घालून पुढे जात होते.

"रविवारी साहेबांचं काय अडलं?" आप्पांनी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"उसात दीपडीची पिल्लं मिळाली, बिबट्याची. आत्ता फोन आला, तोडणी बंद केली म्हणून. संध्याकाळी आई येते शोधायला. तिनं नेली की झालं."

"कुठल्या शेतात?"

"ते नाही सांगायचं. सांगितलं की अर्धी सुरत मोबाइल घेऊन हजर. मग आई फिरकतच नाही."

"मला पण नाही?"

"तुम्हाला तर पहिलं नाही." ती हसली. "दत्तूभाईंची टोळी कुठं लागलीय हल्ली?"

"असेल कुठंतरी."

अशा रीतीनं दोघांनी एकमेकांपासून एकच शेत लपवलं. तिनं नियम म्हणून आणि त्यांनी नळी होती म्हणून.

पलसाण्याच्या अलीकडे आप्पांना राहवेना.

"योगे, छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागतो का गं?"

"छोटीला नाही लागत."

"छर्ऱ्याला?"

"नाही."

"म्हणजे बंदूक कायद्यात बसते, छर्रा बसतो, मी तर रेशन कार्डावरच आहे. मग बिघडतं कुठं?"

"सशापाशी."

"त्याला परवाना लागतो?"

"तो सरकारचा आहे. तितर सरकारचा, लावी सरकारची. उसातलं सगळं."

"मग ही बंदूक विकतात कशाला?"

"फुगे फोडायला."

"मी? फुगे?"

"फोडा ना, कोण अडवतंय? आणि ऐका, नुसता नेम धरला तरी ती शिकारच. मारायला जाणं आणि मारणं, कायद्याला दोन्ही सारखंच."

नळी एकदम गार लागली. आप्पांनी पिशवी छातीशी धरली.

"काकू खातात का काही?" योगितानं विचारलं.

"नाही."

"काय खावंसं वाटतं त्यांना? मी आणते."

आप्पा बाजूनं मागे जाणाऱ्या उसाकडे पाहत राहिले. "काही नाही म्हणते," ते म्हणाले.

बारडोलीच्या फाट्यावर ती त्यांना सोडून ऑफिसकडे वळली. आप्पा लंगडत कालव्याला लागले. ऊन उतरेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून ते निंबाखाली टेकले आणि मेथीवर डोकं ठेवून असे झोपले, की जागे झाले तेव्हा ताडांच्या शेंड्यांवर तेवढं ऊन उरलं होतं. शेताच्या दोन्ही रस्त्यांवर खाकीतली माणसं उभी आहेत हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. ते रस्त्यानं गेलेच नाहीत. जुन्या सवयीनं कालव्याच्या चरातून वाकून गेले आणि थेट शेताच्या पोटात निघाले.

शेत भुंडं झालं होतं. मध्ये एक पट्टा उभा. टोळी नाही, ट्रॅक्टर नाही, कोयत्याचा आवाज नाही. चरातच बसून आप्पांनी पायजम्यातून नळी ओढून काढली आणि रुपयाच्या नाण्यानं स्क्रू आवळत दस्ता जोडला. हात काम करत होते आणि मन खूश होत होतं. दत्तूनं काकासाठी पट्टा राखला, असं त्यांनी धरून चाललं. वास्तविक निम्मं आयुष्य ऊसवाल्यांच्या नात्यात गेलेल्या माणसाला कळायला हवं होतं, की तोडणीवाला एवढासा पट्टा उभा टाकून कधी घरी जात नाही. पण ज्याला ससा हवा असतो त्याला पट्टा दिसतो, पट्टा का राहिला ते दिसत नाही.

पट्ट्याच्या तोंडाशी भाजीची एक प्लॅस्टिकची क्रेट उपडी पडली होती, वर पाचट टाकलेलं. बसायला बरी, असं म्हणून आप्पांनी छर्रा भरला आणि बूड टेकवायला वाकले.

क्रेट गुरगुरली.

आवाज मोठा नव्हता, चहा उतू जाण्याआधी पातेलं बोलतं तेवढाच. आप्पांनी पाचट बाजूला केलं. जाळीतून दोन तोंडं वर पाहत होती. मुठीएवढी डोकी, कान अजून पुरते न उलगडलेले, आणि डोळे निळे. त्यातल्या एकानं त्यांच्यावर दात विचकले. दात तांदळाच्या कणीएवढे होते, पण राग अख्खा होता.

आता आप्पांना सगळं कळलं. योगितानं कुठलं शेत सांगितलं नाही तेही कळलं आणि आपण कुठलं सांगितलं नाही तेही. पाचट पूर्ववत टाकून ते पाठीमागे सरकू लागले, एवढ्यात समोर ससा आला.

असा ससा त्यांनी गोष्टीतसुद्धा मारला नव्हता. भरलेला, तांबूस, कानांतून मावळतं ऊन आरपार दिसतंय. तो उघड्यावर येऊन बसला आणि हलेना. आप्पांचा गुडघा आपोआप खाली गेला, दस्ता गालाला लागला. नळीवरच्या माशीच्या टोकावर सशाचा खांदा होता आणि त्याच्या पलीकडे, खाटेवर, भिंतीकडे तोंड केलेल्या रंभाबाईंची पाठ. बोट चापावर गेलं.

ससा त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो त्यांच्या मागे पाहत होता.

लूमच्या खात्यात कधी लाइट जाते. शंभर लूम एकदम थांबतात, आणि जन्मभर त्या आवाजात राहिलेल्या माणसाला थांबलेलं असं ऐकू येतं, की तो कानांवर हात ठेवतो. तसं झालं. पट्ट्यात इतका वेळ खुसफुस चालली होती. तितर, उंदीर, पाचटातला साप, अख्ख्या शेताचा जीव तिथं कोंबून बसलेला. तो सगळा जीव एका क्षणी श्वास धरून थांबला. बगळे उठले आणि एकही ओरडला नाही.

आप्पांनी मान वळवली.

ऊस बाजूला झाला नाही. उसाचाच एक पिवळा, उन्हासावलीचा तुकडा सुटला आणि चालू लागला. ती चालत होती आणि पाचट वाजत नव्हतं, ज्या पाचटावर आप्पांनी पाय हलवला तरी कडकड होई. कातड्याखाली खांद्यांची हाडं आळीपाळीनं वर येत आणि खाली जात होती, मागावर ताण्याचे धागे वर-खाली जावेत तशी, तितक्याच मापात, कुठं घाई नाही. तिच्या अंगाचा वास आधी पोचला. गरम, कडवट, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा. मग ती पोचली. तिची शेपटी आप्पांच्या पायजम्याला घासून गेली.

ती थांबली आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं. आप्पांना आयुष्यात इतकं पूर्ण कुणी पाहिलं नव्हतं. बंदुकीसकट, खोटेपणासकट, पोटातल्या भीतीसकट तिनं त्यांना एकदाच पाहिलं, आणि त्यात आपल्या कामाचं काही नाही असं ठरवून तोंड फिरवलं.

पंजाच्या एका धक्क्यानं क्रेट उलटी झाली. तिनं पिल्लू तोंडात धरलं. ज्या जबड्यानं डुकराची मान मोडते, त्यातून ते ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं आणि गप्प होतं. ती पट्ट्याला वळसा घालून पलीकडच्या उभ्या शेतात शिरली. दुसरं पिल्लू क्रेटशी बसून ओरडायला लागलं.

पळायची वेळ हीच होती. आप्पांचे पाय पळून गेले होते, आप्पा तिथंच होते. काहीतरी मऊ त्यांच्या टाचेला टेकलं. खाली पाहिलं तर ससा. उघड्यावर जीव धरवेना म्हणून तो सरकत सरकत त्यातल्या त्यात कमी भयानक जनावरापाशी येऊन दबला होता. मग म्हातारा आणि ससा असे एकाला एक लागून बसून राहिले, आणि ती परत आली, आणि दोघांनीही श्वास घेतला नाही. तिनं दुसरं पिल्लू उचललं. जाताना मागे पाहिलं नाही.

पट्टा हळूहळू पुन्हा खुसफुसू लागला.

आप्पांनी हात खाली नेला. कान हाताला लागले. दोन्ही कान त्यांनी मुठीत धरले आणि त्यांना कानांतून सशाचं काळीज लागलं, इतकं वेगात, की ठोका ठोक्यापासून सुटा होत नव्हता. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की ते ठोके सशाचेच आहेत असं नाही. ससा गेला. त्यांनी सोडला की तो सुटला, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

बांधावरून योगिता धावत आली. तिच्या गळ्यात दुर्बीण होती. तिनं आधी आप्पांचे दंड चाचपले, मग पाय, मग दोन्ही हातांनी त्यांना गदागदा हलवलं.

"मी बघत होते! ओरडले असते तर ती बिथरली असती. तुमच्या मागं होती आप्पा, तुम्ही नेम धरून बसलात आणि तुमच्या मागं!" तिची नजर बंदुकीवर गेली. "हे पायात होतं? माझ्या गाडीवर?"

आप्पांनी मान डोलावली.

"ससा?"

"गेला."

"मारला?"

"गेला म्हटलं ना."

ती खाली बसली. "आता मी काय लिहू? तुमचं नाव लिहिलं तर शिकारीचा गुन्हा. तुरुंग आहे आप्पा त्याला."

"लिही."

"काय?"

"लिही गं पोरी. मी इथं होतो, ती मला घासून गेली, सगळं लिही. सरकारी कागदावर येऊ दे. नाहीतर कोण खरं धरणार?"

योगिताला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाहीनं तोंड पुसलं.

"ती पिल्लं घेऊन पलीकडच्या उसात बसलीय. ही गोष्ट सुटली की उद्या इथं माणसं येतील. काठ्या घेऊन येतील, मशाली आणतील. तुम्ही सांगितलेलं कसं पसरतं मला माहीत आहे, मीच पसरवायचे. कुणाला सांगायचं नाही. काकूंना पण नाही. एवढं कराल तर मी नाव लिहीत नाही."

आप्पांनी पलीकडच्या उसाकडे पाहिलं. तिथं काहीच दिसत नव्हतं.

"आणि तुरुंगात गेलो," त्यांनी विचारलं, "तर सांगता येईल?"

"आप्पा!"

"बरं, बरं."

बंदूक कायद्यानं तिला घेता येत नव्हती. ती आप्पांनीच तिच्या गाडीवर पायाशी ठेवली आणि घरी उतरताना तिथंच राहू दिली. डावा पाय आता नीट वाकत होता.

दारातच निशानं पिशवीत डोकावलं. मेथी चेपून गेली होती आणि खाली काही नव्हतं. तिनं हळूच मान हलवली. सासूबाईंनी संध्याकाळची पेजही परत पाठवली होती. आप्पा खाटेशी जाऊन खाली बसले. रंभाबाईंनी कूस वळवली. रिकाम्या हातांनी तर ते निम्म्या वेळा यायचे, पण अशा वेळी गोष्टीतला ससा तरी बोलणारा निघायचा, नाहीतर छर्रा सरदारजीच्या फेट्यात अडकायचा. रंभाबाई वाट पाहत राहिल्या.

"काय व्हयनं?"

"काही नही."

"ससा?"

"दिसना नही."

रंभाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग कोपरावर जोर देऊन त्या उठल्या. इतक्या दिवसांत त्या आपल्या आपण उठल्या नव्हत्या. हात लांब करून त्यांनी नवऱ्याचं कपाळ पाहिलं, गळा पाहिला.

"तुमले बरं नही का?"

"बरं शे."

"मंग बोलतस काबर नहीत?"

शेपटी घासून गेली होती तिथं आप्पा पायजमा पुन्हा पुन्हा चाचपत होते, ते रंभाबाईंनी पाहिलं. त्यांनी निशाला हाक मारली. आजाऱ्याची नव्हे, घरधनिणीची हाक होती ती.

"थाळी आण वं! ह्या माणूसनी सकायपासून काही खादेल नही."

निशानं गरम खिचडी आणली. रंभाबाईंनी थाळी दोघांच्या मध्ये ओढली, घास केला आणि आप्पांच्या तोंडाशी नेला. आप्पांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून ते पिवळं चालत होतं आणि अन्नाला जागा नव्हती.

"तुम्ही खावा," रंभाबाई दटावत म्हणाल्या, "ते मी खासू."

आप्पांनी तोंड उघडलं. रंभाबाईंनी दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला, केवळ त्यांनी तिसरा घ्यावा म्हणून. मग असंच चाललं. त्या भरवत, तपासून पाहत, चावत, पुन्हा भरवत. निशा दाराच्या चौकटीला धरून उभी होती; तिनं पाय वाजू न देता पाठमोरी होऊन भांडी आवरायचं सोंग घेतलं.

थाळीचा तळ दिसायला लागला तेव्हा रंभाबाईंनी आवाज खाली आणला.

"केव्हढं व्हतं?"

उखाआप्पांचे दोन्ही हात वर आले. दोन्हीकडे पसरू लागले, खांद्यांपलीकडे गेले, आणि थांबले. एवढ्यात ते मावणार नव्हतं. त्यांनी हात परत मांडीवर ठेवले.

रंभाबाई त्या हातांकडे पाहत घास चावत राहिल्या.

"निशा," त्या म्हणाल्या, "खिचडीवर तेल वाढ वं जरासं."